माननीय पहिली वेलांटी

लग्न होऊन मी कळंबला आले तेव्हा माझ्या नोकरीविषयी घरात एकच शंका होती: ही दिवसभर दार लावून बोलते कुणाशी? पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी घरून करते, पायथॉन नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते, हे मी सासूबाईंना जमेल तसं सांगितलं. त्यांनी ते शेजारी आणखी सोपं करून सांगितलं, "सूनबाई पुण्याच्या लोकांचा फोनवर अभ्यास घेती."

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, माझ्या कामातलं सासूबाईंपेक्षा जास्त काही कळत नव्हतं, पण अभिमान भरपूर होता. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निम्मं आयुष्य स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेलं, त्यामुळं घरात मीठ मागतानाही त्यांचा आवाज फलाटावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा लागायचा. निवृत्तीनंतर ते गावातल्या एका जुन्या वाचनालयाचे सचिव झाले. वाचनालयात पुस्तकं होती, पण त्यांच्यावाचून कुणाचं फारसं अडत नव्हतं. खरी धामधूम वर्षातून एकदाच असायची: दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार.

आमच्याकडं सत्कार हे साधं प्रकरण नाही. विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा तर तो ज्यांच्या हस्ते करायचा त्यांचा आधी करावा लागतो. त्यांना शाल घालायला ज्यांना वर बोलावलं, त्यांना मोकळ्या खांद्यानं खाली पाठवता येत नाही. ज्यांनी मंडपाला, जेवणाला हातभार लावला त्यांना वगळलं तर पुढच्या वर्षी ना मंडप ना जेवण. या सगळ्यात विद्यार्थ्यांची पाळी येईपर्यंत दुपार कलते आणि लोकांचं लक्ष मसालेभाताच्या वासाकडं लागलेलं असतं.

शिवाय क्रम. मी कळंबला येण्याच्या आदल्या वर्षी उपाध्यक्षांचं नाव अध्यक्षांच्या मेव्हण्यानंतर पुकारलं गेलं होतं. उपाध्यक्षांनी डोक्यावरचा फेटा उतरवून टेबलावर ठेवला आणि न जेवता गाडीला किक मारली. त्यांचं खताचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर. पण त्या दिवसापासून ते वाचनालयाच्या दारात पाऊल टाकेनात आणि रोजचा पेपर हॉटेलात बसून वाचू लागले.

म्हणून मी आल्यानंतरच्या पहिल्या सत्काराआधी कमिटीची बैठक आमच्याच बैठकीच्या खोलीत भरली. उपाध्यक्षांना मनवून आणलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर, कधीही उठून जाता येईल अशा बेतानं बसले होते. अध्यक्ष सोफ्यावर. अध्यक्षांचं मोंढ्यात आडतीचं दुकान, त्यामुळं बोलताना ते समोरच्याकडं सोयाबीनची मूठ तपासावी तसं बघायचे.

"माणूस म्हनलं की चूक व्हतीच," अध्यक्ष म्हणाले. "नावं पुकारणारा माणूस कुणाच्या ना कुणाच्या गटाचा असतो. आपल्याला निष्पक्ष इंतजाम पाहिजे."

"निष्पक्ष म्हणजे कोण?" उपाध्यक्षांनी विचारलं.

मामा हीच संधी बघत होते. फलाटावरच्या आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाई! कंप्युटर! पडद्यावर नाव येईल, तेच वाचायचं. कंप्युटरला ना भावकी ना पार्टी!"

चहाचा ट्रे घेऊन मी दारात उभी होते. नाही म्हणायला जागाच उरली नाही.

काम तसं किरकोळ होतं. मी एक छोटं फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेलं काम. बोलावलं की ते तेवढंच करतं. माझ्या फंक्शनचं काम असं, की त्याच्या हातात नावांची यादी द्यायची, त्यानं एकेक नाव काढून मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवायचं: नावाआधी "माननीय श्री.", नंतर "यांचा सत्कार". मान्यवरांसाठी तेच, अन्नदात्यांसाठी तेच, विद्यार्थ्यांसाठीही तेच. एकदा लिहा, तिन्हीकडं वापरा. पुण्यात असल्या गोष्टीला आम्ही सुबक म्हणतो.

अडचण नावांची होती. अध्यक्षांनी मान्यवरांची नावं दिली, पण एकेक माणूस गावात तीन-तीन पदं भूषवीत असल्यानं तेच नाव तीन-तीनदा आलेलं. एक सदस्य बाजार समितीतही होते, पतसंस्थेतही होते आणि अध्यक्षांचे व्याहीही होते. म्हणून मी ती सगळी नावं पायथॉनच्या सेटमध्ये टाकली. सेटमध्ये एक नाव एकदाच राहतं, दुबार आपोआप गळतं. घरच्या टीव्हीवर चाचणी घेतली ती अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे अशा दोनच नावांची. आधी पाहुणे आले, मग अध्यक्ष. मामांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "मधी एखादं फूल दाखवता आलं तर बघ."

कार्यक्रमाच्या सकाळी मंगल कार्यालयात दोन बदल झाले. अन्नदाते म्हणून जी चार घरं होती, त्यांतली तीन कुठल्याशा रुसव्यातून बाजूला झाली आणि सगळं जेवण एकाच गृहस्थांनी अंगावर घेतलं. त्यांची अट एकच: नाव पुकारायचं नाही. "आपल्याला प्रसिद्धी नको," ते मामांना म्हणाले. "नुसतं हितचिंतक म्हणा." एवढं बोलून ते पहिल्या रांगेत मधोमध, सगळ्या कॅमेऱ्यांना दिसतील अशा खुर्चीत जाऊन बसले. मी घाईत अन्नदात्यांची यादी पुसली आणि तिथं तेवढा एक शब्द टाकला.

दुसरा बदल अध्यक्षांचा. सुरुवातीलाच पडद्यावर एकूण गुणवंत विद्यार्थी किती, हा आकडा त्यांना झळकायला हवा होता. विद्यार्थ्यांची नावं शाळांनी पाठवलेल्या फाइलीतून एकेक करून वाचली जातील अशी सोय मी केलेली होतीच. ती आधी एकदा मोजून घेतली. आकडा झोकात आला.

सूत्रसंचालन एका निवृत्त गुरुजींकडं होतं. त्यांनी जन्मभर मराठी शिकवलेलं. अध्यक्षांनी त्यांना माझ्यासमोर बजावलं, "गुरुजी, पडद्यावर येईल तेच वाचायचं. आपल्या मनाचं एक अक्षर न्हाय."

"एक अक्षर नाही," गुरुजी म्हणाले. ते शब्दाला जागणारे होते.

अकराचा कार्यक्रम एकला सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मी स्टेजच्या बाजूला लॅपटॉपवर बटण दाबलं. आता प्रमुख पाहुण्यांचं नाव येणार म्हणून अध्यक्ष शाल घडीतून मोकळी करत उभे राहिले.

पडद्यावर पहिलं नाव आलं मंडपवाल्याचं.

मंडपवाल्याचं नाव यादीत अगदी तळाला, कमी पैशात मंडप दिला म्हणून घातलेलं होतं. ते बिचारे तेव्हा स्टेजखाली वायरीला चिकटपट्टी लावत होते. गुरुजींनी खणखणीत आवाजात नाव पुकारलं. खालून "ओ!" आलं. त्यांना वाटलं माईक खरखरतोय. बाहेर येऊन बघतात तर समोर अध्यक्ष शाल धरून. फोटोवाल्यानं "हासा" म्हटल्यावर अध्यक्षांना शाल घालावीच लागली.

दुसरं नाव अध्यक्षांच्या मेव्हण्याचं. तिसरं उपाध्यक्षांचं. उपाध्यक्षांचा चेहरा उजळला, कारण अध्यक्ष अजून आले नव्हते. पण पुढचं नाव येईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं, की आपण पुन्हा मेव्हण्याच्या मागंच आलो. प्रमुख पाहुणे सहावे आले. ते धाराशिवहून आलेले मोठे हुद्देदार होते. त्यांनी फोन काढून महत्त्वाचा मेसेज वाचत असल्यासारखं केलं. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आले. तोवर चांगल्या शाली संपून टॉवेल सुरू झाले होते.

सेट दुबार नावं गाळतो, पण क्रम सांभाळण्याची हमी देत नाही. नावांचा सेट असेल तर दर वेळी प्रोग्राम सुरू केला की क्रम वेगळा येऊ शकतो. हे मला माहीत होतं. पुण्याच्या कामात मी हे कधी विसरले नसते. घरच्या कामात माणूस सैल राहतो. मामा माझ्याकडं बघत होते आणि मी पडद्याकडं.

"यानंतर," गुरुजी म्हणाले, "आजच्या भोजनाचे दाते."

पहिल्या रांगेतले हितचिंतक सदऱ्याच्या बाह्या सारख्या करून उठायच्या बेतात बसले. पडद्यावर अक्षरं उमटली: माननीय श्री. ह यांचा सत्कार.

"माननीय श्री ह," गुरुजींनी वाचलं.

हितचिंतकांना वाटलं, आडनाव लपवून आद्याक्षर तेवढं घेतलंय, भारीच सुचलं. ते उठले. तेवढ्यात पडदा बदलला. आता तिथं अक्षरच नव्हतं. एक ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ होतं आणि त्याला लटकलेली वेलांटी. गुरुजींनी चष्मा सावरला. पडद्यावर येईल तेच वाचायचं होतं.

"माननीय श्री पहिली वेलांटी."

मग मागून कुणीतरी विचारलं, "कोण हाय रं ही वेलांटी?"

"मुरुम गावची आसंल," दुसऱ्यानं सांगितलं. "पाव्हणे लई आलेत तिकडनं."

श्री. त आले. श्री. च आले. पुन्हा पहिली वेलांटी आली, तेव्हा लोक ओळखीनं टाळ्या वाजवू लागले. हितचिंतक दर अक्षराला उठत होते आणि दर वेलांटीला बसत होते. मी बटणं दाबत होते, पण प्रोग्रामला शब्द संपेपर्यंत थांबायचं नव्हतं.

"माननीय श्री अनुस्वार," गुरुजींनी न डगमगता वाचलं, आणि अख्खं मंगल कार्यालय हसून लोटपोट झालं. प्रमुख पाहुण्यांनी फोन खाली ठेवून रुमाल तोंडाला लावला. मामा तेवढे हसले नाहीत. ते स्टेजच्या कोपऱ्यात नारळ धरून उभे होते, स्टँडवर आपण पुकारलेली गाडी भलत्याच फलाटाला लागावी तसे.

पुढं विद्यार्थी. पडद्यावर मोठ्या अक्षरांत "गुणवंत विद्यार्थी" असं आलं आणि त्याखाली काहीच आलं नाही. लगेच पुढची पाटी: "आभार प्रदर्शन". फाइलीतून एकेक वाचली जाणारी नावं एकदाच वाहतात. सकाळी आकडा मोजताना ती सगळी वाहून गेली होती. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा आत थेंब नव्हता. प्रोग्राम मात्र अडला नाही, तक्रार केली नाही, पुढं गेला.

आणि नवल असं, की स्टेजवर कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. अध्यक्ष आभाराला उठले. मागं आचाऱ्यांनी पुऱ्या तळायला घेतल्या. तेव्हा मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, शेजारी वेणी घातलेली मुलगी. कळंबच्या आसपासच्या कुठल्याशा वस्तीवरून दोघी सकाळी पायी निघून एसटी गाठून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"ओ साहेब," ती म्हणाली. तिला माईकची गरज नव्हती. "माझ्या पोरीचं नाव कवा यायचं? का पुऱ्या खाऊन जायचं?"

अध्यक्ष गुरुजींकडं बघू लागले. गुरुजी पडद्याकडं. पडदा माझ्याकडं बघत होता असं मला वाटलं. मी लॅपटॉप तसाच ठेवून स्टेजवर गेले आणि गुरुजींपुढचा माईक घेतला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं.

"ज्यांना बक्षीस आहे त्यांनी सगळ्यांनी वर या," मी म्हणाले. "नंबर बघू नका. जे आलेत ते या."

आधी कुणी हललं नाही. मग ती वेणीवाली मुलगी आईनं ढकलल्यामुळं पुढं आली, तिच्यामागं दोन मुलं, मग एकदम गर्दी. काहींच्या कडेवर धाकटी भावंडं होती; बारावीचा एकजण स्वतःचं नाव सांगताना इतका पुटपुटला की मामांनी पुढं होऊन माझ्या हातातला माईक त्याच्या तोंडाला लावला. मामांचा आवाज परत आला. प्रत्येकाला नाव विचारून त्यांनी ते असं पुकारलं, की बाहेर रस्त्यावरची माणसं डोकावून गेली. सत्कार कुणाच्या हस्ते, हा प्रश्न मिटला, कारण स्टेजवर इतकी दाटी झाली की मान्यवर आपोआप मागच्या पडद्याला टेकले.

चार दिवसांनी कमिटीची बैठक. विषय पत्रिकेवर मामांनाच लिहावा लागला होता: "कंप्युटरच्या गैरवर्तनाबाबत खुलासा."

मी खुलासा केला. "फंक्शनला यादीच मिळेल असं मी धरून चालले. यादीऐवजी एकटा शब्द आला, तर त्यानं त्या शब्दालाच अक्षरांची यादी समजून एकेक अक्षर बाहेर काढलं."

"मग विचारायला काय धाड भरली व्हती त्याला?" उपाध्यक्ष म्हणाले.

"विचारायचं असतं हे मी शिकवलं नव्हतं. आता शिकवलंय. दारातच बघायचं, समोरून काय आलंय. एकटं नाव असेल तर ती एकट्याची यादी समजायची, फोडायची नाही. एकदाच वाहणारी नावं असतील तर आधी पोत्यात भरून घ्यायची, मग मोजा, वाचा, काय वाटेल ते करा."

पोतं म्हटल्यावर अध्यक्ष थोडे सरसावून बसले. "न् मान्यवरांची नावं वरखाली हून ढीग झालता त्याचं?"

"काका, ढीगच झाला होता. तुम्ही पोती थप्पीनं लावता तेव्हा खालचं कुठलं, वरचं कुठलं ते ठरलेलं असतं. ओतून ढीग केला की कुठला दाणा आधीचा, सांगता येत नाही. आता दुबार नाव गाळलं तरी थप्पी मोडणार नाही. आणि काहीच आलं नाही, तर गोंधळ न घालता पुढच्या कामाला लागायचं."

"म्हंजे आता चुकणार न्हाय?"

"तुम्ही द्याल तो क्रम मोडणार नाही. फक्त क्रम तुम्ही लिहून द्या. पहिला कोण, दुसरा कोण."

इतकी वर्षं नाव मागं गेलं की दोष द्यायला कुणीतरी असायचं: पुकारणारा, पत्रिका छापणारा, आणि यंदा कंप्युटर. आता मात्र कमिटीलाच स्वतःच्या हातानं लिहावं लागणार होतं. अध्यक्ष उपाध्यक्षांकडं बघेनात, उपाध्यक्ष छताकडं बघू लागले. एका सदस्यांनी अकारविल्हे लावावं असं सुचवलं. ज्यांची नावं व आणि स वरून होती त्यांनी ते धुडकावलं. वयानं लावू म्हटलं, तर जन्मतारखेचा दाखला कुणाचा खरा यावर तकरार झाली. शेवटी उपसमिती नेमली. उपसमितीत पहिलं नाव कुणाचं लिहायचं यावर ती बैठक मोडली.

पुढचं वर्ष असंच गेलं. निकाल लागले, पेढे वाटले, सत्काराची तारीख पुढं पुढं गेली. अकरावीला लातूरला गेलेली ती वेणीवाली मुलगी बारावीत गेली. मान्यवरांचा क्रम ठरला नव्हता. मामा घरात मुके झाले होते. रात्री जेवताना मला म्हणायचे, "सूनबाई, मी बत्तीस वर्षं गाड्या सोडल्या. ड्रायव्हर-कंडक्टरचं भांडण मिटंस्तवर पाशिंजर थांबवून ठेवली न्हाईत."

दिवाळी झाल्यावर त्यांनी कुणाला न विचारता तारीख धरली आणि पत्रिका वाटल्या. मला म्हणाले, "मान्यवरांची यादी कुणी दिली न्हाय. तुमचं ते फंक्शन अडंल का?"

"अडणार नाही, मामा."

"बघा हं. अध्यक्ष समोर बसणार हायेत."

सगळे आले. कडक इस्त्री, अत्तर, काहींनी फेटे घरूनच बांधून आणलेले. क्रम नाही म्हणून स्टेजवर खुर्च्याच मांडल्या नव्हत्या, म्हणून सगळे खालीच बसले, दोन तट करून. मी बटण दाबलं. स्वागत झालं. मान्यवरांच्या जागी माझ्या फंक्शनच्या हातात रिकामी यादी आली. ते काही न बोलता पुढं गेलं आणि पडद्यावर थेट पहिल्या विद्यार्थ्याचं नाव आलं. मामांनी पुकारलं. बक्षीस कुणी द्यायचं हे ठरलेलं नसल्यानं मामांनी ज्याच्या-त्याच्या आईलाच वर बोलावलं. काही आयांनी पदर खोचून बक्षीस दिलं, काहींनी दिल्यावर पुन्हा काढून स्वतःच्या पिशवीत नीट ठेवलं.

मी अध्यक्षांचा चेहरा बघत होते. नाव येईना तसे ते आधी अस्वस्थ झाले. मग त्यांनी मान वळवून उपाध्यक्षांकडं बघितलं. त्यांचंही आलं नव्हतं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. तेवढ्यात उपाध्यक्षांनी त्यांच्याकडं बघितलं आणि तेही निवांत टेकून बसले.

याआधी कधी कार्यक्रम वेळेत संपला होता, अशी आठवण वाचनालयात कुणालाच नव्हती; यंदा संपला. पंगतीत गर्दीमुळं दोघांना शेजारी शेजारी बसावं लागलं. वाढपी मसालेभाताची बादली घेऊन आला.

"आधी ह्यास्नी वाढ," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाय न्हाय, आधी अध्यक्षास्नी," उपाध्यक्ष म्हणाले.

"तसं कसं, तुमी मोठे."

"पद तुमचं मोठं."

वाढपी पळी उचलून दोघांच्या ताटांमध्ये बराच वेळ वाकून उभा राहिला. मग कंबर दुखायला लागली म्हणून सरळ झाला आणि पुढं बसलेल्या पोरांना वाढत निघून गेला.